नामांतराच्या आधी एक खोली होती

१४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोटणारी गर्दी मी दरवर्षी पाहतो. भाषणं ऐकतो. भाषणांत इतिहास सुरू होतो तो २७ जुलै १९७८ पासून. त्या दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, लगेच मराठवाडा पेटला, मग लाँग मार्च, मग सोळा वर्षं, मग नामविस्तार. तारखा सगळ्या बरोबर आहेत. पण मला वाटतं, आपण हा इतिहास मधूनच सांगायला घेतो. ठराव मुंबईत झाला हे खरं, पण मागणी कुठून उठली? खेड्यातल्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून विद्यापीठाच्या नावाची मागणी आपोआप उठत नसते. विद्यापीठ हे काय प्रकरण आहे, हे आधी कुणाला तरी कळावं लागतं. कळायचं तर तिथं जाऊन राहावं लागतं. राहायचं म्हणजे खोली पाहिजे, खोलीत एक कॉट पाहिजे, दोन वेळची भाकर पाहिजे, फीमाफीचा फॉर्म भरता आला पाहिजे. त्या खोलीचा इतिहास आपण लिहिलेला नाही. आपल्या पुस्तकांत मोर्चे आहेत, गोळीबार आहेत, पुढाऱ्यांचे फोटो आहेत. मेसचं बिल कुठंच नाही.

तरुण कार्यकर्त्यांना हे क्षुल्लक वाटेल. म्हणून थोडं मागून सुरू करतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिक्षणाचं माध्यम उर्दू. औरंगाबादला १९२३ साली सरकारी इंटरमिजिएट कॉलेज आलं, म्हणजे इंटरपर्यंत. पुढं बी. ए. व्हायचं तर हैदराबाद गाठा. आता हैदराबाद गाठणार कोण? देशमुखाचा मुलगा, कुलकर्ण्याचा मुलगा, शहरातल्या मुसलमान अंमलदाराचा मुलगा. आपल्याकडे येसकरकी होती, गावकी होती. मेलेलं ढोर ओढायला कोण जाणार यावर घरात वाद व्हायचे. बी. ए. कुठं करायचं, यावर वाद होण्याची पाळी आलेली नव्हती.

१९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या होस्टेलांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. निजाम सरकारने बंदी घातली, पोरं हटली नाहीत, त्यांना काढून टाकलं. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला आणि त्यांचं शिक्षण पुरं झालं. ही हकिकत मराठवाड्याच्या शाळेत आम्हाला अभिमानाने शिकवली जायची, आणि शिकवावी अशीच ती आहे. पण त्यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. होस्टेलातल्या पोरांनी आपल्या अस्मितेसाठी सत्तेशी भांडण केलं, तर त्याला मराठवाडा स्वातंत्र्यसंग्राम म्हणतो. चाळीस वर्षांनी दुसऱ्या होस्टेलातल्या पोरांनी तेच केलं, तेव्हा त्याला जातीयवाद म्हणाले. म्हणणाऱ्यांत त्या लढ्याच्या परंपरेतलीच माणसं होती.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढं ठेवलं. त्यातून नोकऱ्यांतल्या राखीव जागांबरोबर आणखी एक गोष्ट निघाली, तिच्याकडे आपलं फार लक्ष जात नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये. १९४४-४५ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, मॅट्रिकोत्तर म्हणतो, तिचं मूळ हे. तीन लाखांचा आकडा आज हसण्यासारखा वाटेल. पण सरकारी तिजोरीतून अस्पृश्याच्या पोराच्या जेवणाला आणि पुस्तकाला पैसे द्यायचे, हा हिशेब सरकारच्या वहीत पहिल्यांदा लिहिला गेला. पुतळ्याच्या चौथऱ्यावर तो कुणी कोरत नाही.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथं सकाळचे वर्ग भरत. गिरणीत, कचेरीत काम करणारा तरुण सकाळी कॉलेज करून कामावर जाई. मुंबईत हे जमत होतं. चाळ होती, नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायला जागा होती, पगार होता. मराठवाड्यात चाळही नाही अन् गिरणीही नाही. इथं नुसतं कॉलेज काढून भागणार नव्हतं. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला सोसायटीचं कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढं कॉलेजला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजाने प्रश्न विचारायचे आणि भिक्खू नागसेनाने उत्तरं द्यायची, असा तो पाली ग्रंथ. बाबासाहेबांनी नाव निवडलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं, हे आमच्या एका मास्तरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. ते पुढं म्हणाले, "आणि तुम्ही लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसता." वर्ग हसला. पण खरंच होतं ते. गावात ज्याने तोंड उघडलं त्याची सोय राहत नव्हती, ती सवय इतक्या लवकर कशी जाईल?

नागसेनवनात कॉलेज आणि होस्टेल जवळजवळ आले, आणि ह्या जवळ येण्यानेच सगळं घडलं असं मला वाटतं. पाथरीचा, किनवटचा, उदगीरचा, अंबडचा, वैजापूरचा पोरगा एका वऱ्हांड्यात आला. आपापल्या गावात तो एकटा होता. त्याला वाटत होतं की माझ्या गावचा पाटीलच तेवढा वाईट. इथं आल्यावर रात्रीच्या गप्पांत त्याला कळलं की पाटील सगळीकडे एकच आहे, फक्त आडनाव वेगळं. हे कळायला कुठलंही पुस्तक लागलं नाही. ते नंतर आलं.

पुस्तकंही आली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, ते विद्यार्थ्यांनी १९५५ साली बाबासाहेबांच्या समोर केलं आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी पुन्हा केलं. विचार करा, दीक्षेला जमलेल्या त्या जनसमुदायापुढं कॉलेजच्या गॅदरिंगचं नाटक उभं राहिलं. दुसऱ्या कॉलेजांत त्या काळात गॅदरिंगला ऐतिहासिक नाटकं आणि प्रेमाची फार्सं चालत. पुढं अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे प्राचार्य झाले. निग्रो साहित्य हा शब्द तेव्हा चालायचा, आज आपण काळ्यांचं साहित्य म्हणतो. ते काय असतं हे वानखडे सरांनी सांगितलं. १९६७ साली 'अस्मिता' निघालं, त्याचं पुढं 'अस्मितादर्श' झालं, गंगाधर पानतावणे सरांनी ते हयातभर चालवलं. दलित साहित्याचा इतिहास लिहिणारे ह्या नियतकालिकाला मानाची जागा देतात. पण ते कुठल्या जमिनीत उगवलं, हे सांगताना एका वाक्यात आटपतात. ते होस्टेलच्या जमिनीत उगवलं. लिहिणारा, वाचणारा आणि वर्गणी बुडवणारा, तिघंही एकाच मेसमध्ये जेवत होते.

विद्यापीठ आलं ते ह्यानंतर, हे मुद्दाम सांगतो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू स. रा. डोंगरकेरी. तोपर्यंत आमचं कॉलेज उस्मानियाला जोडलेलं होतं. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला, मग हैदराबादचं विद्यापीठ परकं झालं आणि स्वतःचं हवं झालं. म्हणजे मराठवाड्यात उच्च शिक्षणाची पहिली मोठी इमारत बाबासाहेबांनी उभी केली आणि आठ वर्षांनी सरकारला विद्यापीठ सुचलं. नामांतर मागताना आपण काही भीक मागत नव्हतो. क्रमाने बघितलं तर नाव आधीच त्यांचं होतं.

विद्यापीठ लहान होतं. डोंगराच्या पायथ्याशी, वर बौद्ध लेणी, खाली सोनेरी महाल, बाजूला बेगमपुरा आणि मकबरा. नागसेनवनातून चालत जावं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. विभाग थोडे, विद्यार्थी थोडे, त्यामुळे कोण कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या वाड्यातला, हे पंधरा दिवसांत सगळ्यांना ठाऊक. मोठ्या शहराच्या विद्यापीठात माणूस गर्दीत लपू शकतो. इथं लपायला जागा नव्हती. सांचीच्या तोरणाची आठवण देणारं ते गेट १९७१ च्या सुमारास उभं राहिलं. आज आपण त्याच्यापुढं नतमस्तक होतो. माझ्या काळात आम्ही त्याखालून सायकल हाणत जायचो आणि वर बघायचोसुद्धा नाही.

माझं थोडं सांगतो, कारण ह्या खोलीचा दाखला द्यायला माझ्याजवळ मीच आहे. १९७२ च्या दुष्काळात मी मॅट्रिकच्या पुढं गेलो. घरात लाल मिलोच्या भाकरी. माय-बा दोघंही रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं असतात ना, खडी फोडायची, तिथं. तालुक्याच्या एका कॉलेजात नाव घातलं. कॉलेजचं नाव घेत नाही, तिथला कारकूनही आता नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म मागायला गेलं की तो बाजूच्याला म्हणायचा, "घ्या, सरकारचे जावई आले." सगळं ऑफिस हसायचं. जावयाला सासरवाडीत पाटावर बसवतात, आम्हाला तर खिडकीबाहेर उभं करत. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. बौद्ध लिहावं तर केंद्राच्या यादीत बौद्ध नाही, महार लिहावं तर दीक्षा घेतलेल्या बापाला काय तोंड दाखवणार? महाराष्ट्र सरकारने १९६० नंतर नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या म्हणून शिक्षण तरी निभावलं. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत घेतलं ते १९९० साली. चौतीस वर्षं आपल्या पोरांनी एका रकान्यापाशी पेन थांबवलं. आकडेवारीत हे सापडणार नाही.

गावात खोली भाड्याने मागायला गेलो तर आडनाव विचारत. आडनावावरून नाही कळलं तर, "मंजी कोणापैकी?" मग खोली नुकतीच दिली गेलेली असायची. औरंगाबादला आलो तेव्हा पहिल्यांदा कुणी विचारलं नाही कोणापैकी. खोली एकाच्या नावावर, राहणारे चार. ज्यांच्या नावावर नाही त्यांना आम्ही पॅरासाइट म्हणायचो. जीवशास्त्राचा हा एवढा एक शब्द कला शाखेच्या पोरांना बिनचूक पाठ होता. पहिलं वर्ष मी पॅरासाइटच होतो. कॉट एक, बाकीच्यांच्या वळकट्या खाली. रेक्टर यायच्या वेळेला दोघं लायब्ररीत जायचे. त्यामुळे लायब्ररीत आमची हजेरी चांगली होती आणि वाचनही झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

शिष्यवृत्तीचा पैसा यायचा तेव्हा यायचा. कुठल्या टेबलावर अडला ते कळायचं नाही. मेसचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला. मग उधारी. मग ज्याचा डबा एस.टी.ने यायचा त्याच्या डब्यावर सगळ्यांचा हक्क. माय पहाटे उठून भाकरी बांधून एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ द्यायची, दुपारपर्यंत स्टँडवर डबा. ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. डबा उतरवायला आम्ही पाळी लावली होती. एकदा एकाच्या डब्यात सागुती आली. तिचे वास्तविक सहा वाटे व्हायला हवे होते, पण वास ज्या वेगाने पसरला त्या मानाने अकरा झाले. डब्याच्या तळाशी कधी पाच रुपयाची नोट कागदात गुंडाळलेली असायची. दलित चळवळीला पैसा कुठून आला, असं एका अभ्यासकाने मला विचारलं होतं. मी हे सांगितलं. त्याला वाटलं मी कविता करतोय.

त्याच खोलीत वर्तमानपत्र एक जण वाचायचा, बाकी ऐकायचे. १९७२ ला मुंबईत पँथर निघाली, तिच्या बातम्या आम्ही अशाच ऐकल्या. पत्रक काढायचं ठरलं की स्टेन्सिल. टाइपरायटर नव्हता, लोखंडी लेखणीने मेणकागदावर हाताने अक्षर कोरायचं. जोर जास्त झाला तर कागद फाटायचा, कमी झाला तर अक्षर उमटायचं नाही. 'अन्याय' ह्या शब्दातला 'न्य' नेहमी फाटायचा. मशीन ज्याच्याकडे होतं तो शाई आणि कागदाचे पैसे आधी घ्यायचा. चारशे प्रती निघाल्या की खोलीभर शाईचा वास, हात काळे, आणि सकाळी ते हात घेऊनच वर्गात. कोणाचे हात काळे आहेत यावरून पत्रक कुणी काढलं हे प्राध्यापकांना कळायचं. काही हसून सोडून द्यायचे, काही हजेरीत गैरहजर लिहायचे.

आता दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. नाहीतर १९७८ समजत नाही. कुणब्याचा, मराठ्याचा, वंजाऱ्याचा मुलगाही त्याच वेळी पहिल्यांदा कॉलेजात आला होता. त्याच्याही बापाला वाचता येत नव्हतं. दुष्काळाने त्याचंही शेत करपलं होतं. त्याला ई. बी. सी.ची फीमाफी होती, पण शिष्यवृत्तीचे हातात पडणारे पैसे नव्हते. त्याला दिसायचं की वाड्यातला पोरगा, ज्याचा बाप आपल्या सालाने आहे, तो मनिऑर्डर घेतो आणि इस्त्रीचा शर्ट घालतो. शर्ट एकच असायचा आणि तो चौघांचा, पण ते त्याला दिसत नव्हतं. आणि त्याच्या घरी जमीन होती, ती त्याला शिष्यवृत्तीसारखी वाटत नव्हती. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झालं, सुरुवात परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोकऱ्यांच्या प्रश्नावरून. मागास भागाला न्याय द्या, ही मागणी खरी होती, आणि आम्हीही घोषणा दिल्या. पण रात्री खोलीत प्रश्न निघायचाच. मराठवाड्याचा विकास म्हणजे कुणाचा? गायरान कसणाऱ्याचं नाव त्यात आहे का? मुंबई आमच्यावर अन्याय करते असं म्हणणारा गावात आमच्याशी कसा वागतो? हा प्रश्न जाहीर सभेत विचारला की म्हणायचे, आता फाटे फोडू नका. तीन वर्षांनी फाटा फुटलाच.

१९७७ साली पँथरचे गंगाधर गाडे यांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याची मागणी पुढं आणली. पुढच्या वर्षी जुलैत ठराव. विरोधकांचं म्हणणं असं की मराठवाडा हे नाव ह्या प्रदेशाची अस्मिता आहे, निजामाशी लढून ती मिळवलेली आहे. 'मराठवाडा' दैनिकाचे अनंत भालेराव, गोविंदभाई श्रॉफ, ही काही साधी माणसं नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भोगलेलं होतं, आणि त्यांचा मान आम्हीही राखायचो. म्हणूनच त्यांची भूमिका जास्त लागली. त्यांनी कुणाला काठी दिली असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या शब्दाला खेड्यात वजन होतं, आणि खेड्यात पोचेपर्यंत अस्मिता ह्या शब्दाचा अर्थ फार सोपा होऊन गेला. प्रादेशिक अस्मिता गावच्या चावडीवर पोचली तेव्हा तिचा अर्थ झाला, 'म्हारडे माजलेत.'

पुढचं तुम्हाला माहीत आहे. घरं जळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ऑगस्टमध्ये जिवंत जाळलं. ते मातंग समाजातले होते, हे आपल्यातल्या ज्यांना नामांतर ही एकट्या बौद्धांची मिरास वाटते त्यांनी विसरू नये. मी इथं फक्त खोलीच्या संबंधातली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात जाळायला आले तेव्हा ज्या घरातलं पोरगं औरंगाबादला शिकतंय ती घरं आधी निवडली. कुणी कुठल्या घराचा, हे गावाला पाठ असतं. माझ्या चुलतभावाची पत्र्याची ट्रंक जळाली. तिच्यात मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. दुसरी प्रत काढायला अर्ज करावा लागतो, त्यात मूळ प्रत कशी गहाळ झाली त्याचं कारण लिहावं लागतं. त्याने लिहिलं, जळाली. कारकून म्हणाला, "अशी कशी जळाली? चुलीपाशी ठेवलीवती का?" त्याने उत्तर दिलं नाही. अर्ज परत घेतला आणि कारण बदललं, प्रवासात हरवली. त्या वर्षी किती अर्जांत सर्टिफिकेटं प्रवासात हरवली, कुणीतरी मोजायला पाहिजे.

होस्टेलमध्ये त्या दिवसांत गावाकडची पत्रं येत नव्हती, डबे बंद. एस.टी. चालू झाली तरी डबा येईना. डबा न येणं हीच बातमी.

११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे सरांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. १९३८ च्या काढून टाकलेल्या पोरांना नागपूरने पोटात घेतलं होतं, आणि आता त्याच नागपुरातून माणसं पायी औरंगाबादकडे चालली होती. २७ नोव्हेंबरला खडकपूर्णा नदीवर त्यांना अडवलं, मारलं, धरलं. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात गोळीबार. मग सरकारं बदलत गेली, आश्वासनं तीच राहिली. शिवसेनेने उघड विरोधाचं राजकारण केलं आणि त्यावर मराठवाड्यात पाय रोवले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेंनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. अर्धं मागितलेलं, अर्धं राखलेलं.

आणि इथंच आपली भाषणं थांबतात. १९९४ साल पुरतं बघा. त्याच सालात आणखी दोन गोष्टी झाल्या. १७ सप्टेंबरला, नाव मिळून आठ महिने झाले होते, विद्यापीठाचे दोन भाग झाले आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं तिकडं गेली. प्रशासनाच्या दृष्टीने ते हवंही असेल. किनवटच्या पोराला मार्कशीटसाठी औरंगाबादची खेप पडायची ती वाचली. पण परिणाम काय झाला तो बघा. पोचिराम कांबळेंचं टेंभुर्णी आणि गौतम वाघमारेंचं नांदेड हे दोन्ही, ज्या विद्यापीठाच्या नावासाठी त्यांचा जीव गेला त्याच्या हद्दीच्या बाहेर गेले. मराठवाडा हे नाव मात्र दोन्हीकडे राहिलं. दुसरी गोष्ट, त्याच सालच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका संपल्या. मार्कांवरून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. निवडणुकांत मारामाऱ्या होत, मुंबईत तर एका विद्यार्थ्याचा १९८९ साली खून झाला होता, हे कारण खोटं नव्हतं. पण ज्या वऱ्हांड्यातून नामांतराची मागणी उठली, त्या वऱ्हांड्याचा आवाजही त्याबरोबर गेला. २०१६ च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या. कागदावरच्या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत.

मुलींच्या खोलीचं मी काही लिहिलं नाही, कारण मी तिथं राहिलो नाही. पण आमच्या वर्गात ज्या चार-दोन जणी होत्या त्यांच्यावर गावाची आणि घराची अशी दुहेरी नजर होती, एवढं मला दिसायचं. पत्रकं वाटायला त्या पुढं असायच्या, कारण पोलीस त्यांची पिशवी तपासत नव्हते. पत्रकाखाली सह्या मात्र आमच्या. त्यांनी स्वतः लिहावं. त्यांतल्या एका ताईंना मी दोनदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी लिहीन, पण मग तुमची भांडी कोण घासत होतं तेही लिहीन." लिहा म्हणालो.

तर काम आहे ते असं. माझ्याजवळ आज मोजून अकरा कागद आहेत. मेसची तीन बिलं, त्यांतलं एक न भरलेलं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची एक कोरी प्रत, धर्माच्या रकान्यासकट. चार पत्रकं, त्यांतल्या दोघांवर तारीख नाही. भित्तिपत्रकाचा एक तुकडा. माझ्या आईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं एक पोस्टकार्ड, १९७८ च्या ऑगस्टचं, त्यात फक्त एवढं, की गावाकडे येऊ नकोस आणि डब्याची वाट पाहू नकोस. आणि एक न वापरलेली कोरलेली स्टेन्सिल. उजेडासमोर धरली की वाचता येते. तुमच्या घरी, काकांच्या पेटीत, माळ्यावर असे कागद असतील. वाळवी लागायच्या आधी ते बाहेर काढा, फोनवर फोटो घ्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव आणि साल लिहा. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उतरते. स्टेन्सिल सापडली तर ती पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि मेण वितळून अक्षरं बुजतात.